कुंकू लावलेला भोंगा

दुपारची जेवणं आटोपली की मी ओटीवर जरा अंग टाकते. झोप लागत नाही, नुसते डोळे मिटतात. अंगणातून पेंढ्याचा वास येतो. रस्त्याकडच्या गोदामाचं शटर कुणीतरी ओढतं, तो आवाज लांबत लांबत विरून जातो. आणि मग सगळ्याच्या मागून, वेशीच्याही पलीकडून, एक आवाज यायला लागतो. आधी त्यात शब्द नसतात. कुणी झोपेत गुणगुणावं तसं वाटतं. मग वळण संपतं आणि शब्द सुटे होतात.

"एऽऽ गावठी भेंडीऽऽ, काकडीऽऽ, वालाच्या शेंगाऽऽ! ओ ताई, ओ भाभी, ओ आपा! ताजी हाय, कवली हाय, शेतातली हाय!"

हा आवाज आमच्या यांचा. पण हे त्या वेळी बोलत नसतात. तोंड मिटून तीनचाकी टेम्पो चालवत असतात. आवाज येतो तो टपावर बांधलेल्या भोंग्यातून.

लग्न होऊन भिवंडीजवळच्या दिघाशी गावात आले तेव्हा मला या आवाजाची फार लाज वाटायची. मी पहिल्यापासून हळू बोलणारी. माझं माहेर अकलोली. तिथे गरम पाण्याच्या कुंडांवर थंडीत सकाळी इतकी वाफ असते की माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज ऐकू येतात. आई म्हणायची, "या पोरीला वाफेत सोडली तर सापडायची न्हाय, हिचा आवाजच येत न्हाय." आणि मला मिळाले हे! भिवंडीत भाजी विकायची तर कापडाच्या लूमच्या खडखडाटाच्या वर आवाज चढवावा लागतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूम चालू असताना यांची हाक चौथ्या मजल्यावर जायची. घरीसुद्धा पाणी मागितलं तरी अख्ख्या आळीला कळायचं की आमच्या घरात कुणाला तहान लागली आहे. मी मागच्या दारी जाऊन उभी राहायची.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी यांचा घसा धरला. आठ दिवस, पंधरा दिवस झाले, सुटेना. डॉक्टर म्हणाले, आवाजाला आराम द्या, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. आराम दिला तर भाजी कोण विकणार? मग यांनी बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून भोंगा आणला. पांढरा, निळ्या तोंडाचा. त्याच्यात एकदा बोलून ठेवलं की तेच तो पुन्हा पुन्हा बोलतो. वर्षाची ग्यारंटी होती.

हाक भरली ती आमच्या अंगणात, पहाटे. आळीत अजून कुणी उठलं नव्हतं. अंगणाच्या मधोमध उभे राहून यांनी भोंगा तोंडाशी धरला आणि दुखऱ्या घशातून जेवढं निघेल तेवढं काढलं. शेवटी 'शेतातली हाय' म्हटलं आणि लगेच आमचा कोंबडा आरवला. तोही आत गेला. मी म्हटलं, "अवो, कोंबडा आला. परत भरा."

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. भाजी अजून ताजी वाटंल."

यांच्या मोकळ्या आवाजातलं मला आठवणारं हे शेवटचं बोलणं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, दुखणं गेलं, पण आवाज परत आला नाही. आता हे बोलतात तेव्हा नुसती हवा येते. जवळ बसलं तर कळतं. सासूबाई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "झालं! एक होती तिथं दोन झाली. दोघं बी मुकी, आन् टपावरचा भोंगा बोलतोय." हे हसले. हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

यांचा आवाज तेवढ्या एका ठिकाणी उरला होता. मोबाइलमध्ये फोटो होते, आवाज नव्हता. लग्नाच्या सीडीत सगळीकडे बँडच. आपलं माणूस रोज समोर बोलत असताना त्याचा आवाज कोण कशाला साठवून ठेवतं? आमच्या ते कधी मनातही आलं नाही. भोंगा रोज रात्री चार्जिंगला लागायचा, सकाळी टपावर चढायचा. आणि जिची मला लाज वाटायची ती हाक मी आता दुपारी पडून, डोळे मिटून ऐकत राहायची. कधी कधी अर्धवट झोपेत वाटायचं की हे आजारी पडलेच नाहीत, आत्ता येतील आणि दारातूनच ओरडतील, "पानी दे गो!" टेम्पो दाराशी येऊन थांबायचा. हे उतरायचे आणि हातानेच खूण करायचे, पाणी.

दसऱ्याला यांनी टेम्पो धुतला, वजनकाटा पुसला, कोयता, विळा, फवारणीचा पंप सगळं अंगणात मांडलं. मधोमध भोंगा. पूजा हे स्वतः करतात आणि हात सढळ आहे. कुंकू पाण्यात कालवून, अंगठ्याने दाबून मोठं बोट ओढायचं, वर अक्षता, वर झेंडू. भोंग्याला कुंकू लावलं ते मागच्या बाजूला, सपाट जागा बघून. तिथेच चार्जिंगचं भोक होतं. त्याच्यावरचं रबर कधीच पडलं होतं. कुंकू ओलं, तांदूळ ओले, सगळं आत गेलं आणि तिथेच वाळून बसलं. हळद-कुंकवाने मशीन बिघडेल असं आमच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. ते लावायचंच असतं मुळी चांगलं चालावं म्हणून.

दिवाळीनंतर चार्जिंग घेईना. पिन आत बसेना, बसली तर दिवा लागेना. हाक मंद व्हायला लागली. आधी जरा जाड झाली, मग लांबली. "भेंऽऽऽडीऽऽऽ" म्हणता म्हणता असं वाटायचं की माणूस झोपी जातोय. ओटीवर पडल्या पडल्या मी ते ऐकायची आणि उठून बसायची. एका संध्याकाळी 'शेतातली' इथे हाक थांबली. कोंबडा आलाच नाही. यांनी बटण बंद केलं, भोंगा माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन म्हणाले, "ग्यारंटीत हाय. बदलून आण."

मी म्हटलं, "आन् यातला आवाज?"

"दुसरा भरू. शेजारचा कोनीपन भरंल. भेंडी ती भेंडीच."

असं म्हणून हे हात धुवायला गेले. पण हात धुवायला त्यांना फार वेळ लागला.

सकाळी हे भाजी घेऊन गेले. हाकेच्या जागी काट्याच्या पारड्यावर वजन वाजवत जाणार होते. दुकानात जाऊन बोलायचं तर ते मलाच जावं लागणार होतं. मी भोंगा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, ग्यारंटीचं कार्ड पदरात बांधलं आणि रिक्षात बसले. थंडीचे दिवस. शेतांवर धुकं होतं आणि त्यातून गोदामांची निळी छपरं वर आली होती, पाण्यावर होड्या तरंगाव्यात तशी. भोंगा मांडीवर होता, बाळासारखा. शेजारची बाई म्हणाली, "केवढं हाय?" मी फडकं जरा बाजूला केलं. तिने निळं तोंड बघितलं आणि मग पूर्ण रस्ताभर बाहेरच बघत राहिली. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. एकच गोष्ट मनात होती, हा आवाज परत घरी आणायचा.

ते दुकान मला अजून स्वप्नात दिसतं. आत शिरले तर छताला एका ओळीत पंखे, सगळे चालू. कुणी जोरात, कुणी हळू. भिंतीवरची कॅलेंडरं फडफडत होती, मिक्सरांवरचं प्लास्टिक उडत होतं, इस्त्र्यांना बांधलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या पाखरांसारख्या हलत होत्या. सगळ्या दुकानाला जणू आत्ता उडायचं होतं. बाकी गिऱ्हाइकं होती. एकीची शेगडी, एकाचं ड्रिल मशीन. सगळे आपली वस्तू पुढे करून मोठमोठ्याने भांडत होते, "नया पीस दो, नया पीस!"

काउंटरवरच्या भाऊने माझं कार्ड बघितलं. शिक्का होता, तारीख बसत होती. तो लगेच मागे वळला आणि नवा भोंगा खोक्यासकट पुढे ठेवला. "लो भाभी. वो पुराना इधर दे दो."

मी म्हटलं, "नवीन नको."

"क्या?"

पंख्यांच्या वाऱ्यात माझं बोलणं माझ्याच कानाला लागत नव्हतं. तो काउंटरवरून वाकला आणि कान पुढे केला. मी त्या कानात सांगितलं, "हाच नीट करून द्या."

तो सरळ झाला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सुबह से सब लोग नए के लिए मेरा गला पकड़ रहे हैं, और भाभी बोलती है पुराना ही दो!" ड्रिलवाला हसला. भाऊ पुढे म्हणाला, "कंपनी का माल है, इधर रिपेअर नहीं होता. पीस के बदले पीस. पुराना कंपनी को जाएगा."

"मग कंपनी त्याचं काय करते?"

"तोड़ती होगी. मेरे को क्या मालूम."

असं म्हणत त्याने भोंगा उलटा केला आणि थांबला. मागे यांच्या अंगठ्याचं कुंकू होतं, वाळून काळपट झालेलं, आणि त्या भोकात अडकलेले तांदळाचे दाणे. "ये क्या है? पूजा किया क्या इसका? अरे, ये तो पानी गया अंदर. ऐसा भेजूँगा तो कंपनी मेरे मुँह पे मारेगी." त्याने दोनदा भोंगा फिरवला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. माणूस वाईट नव्हता. त्याने थिनरमध्ये भिजवलेलं फडकं माझ्यापुढे ठेवलं. "एक काम करो. ये लाल लाल सब पोंछ दो. एकदम साफ. फिर मैं भेज देता हूँ, आप नया ले जाओ."

मी फडकं हातात घेतलं. त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. भोंगा समोर होता, त्यावर यांच्या अंगठ्याच्या रेघासुद्धा उमटलेल्या दिसत होत्या. एकदा हात फिरवायचा, बस. पण हात उचलेना. यांचा होता नव्हता तो सगळा आवाज त्या डब्यात, आणि त्याच्यावरचं कुंकू मी माझ्या हाताने पुसायचं? आमच्याकडे बाया हे शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. पंखे फिरत होते, कॅलेंडरं फडफडत होती, आणि मी फडकं काउंटरवर परत ठेवलं.

"नको," मी म्हटलं. "पुसायचं न्हाय."

माझा हा आवाज मात्र पंख्यांच्या वर गेला. ड्रिलवाला वळून बघायला लागला.

मागच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री पंख्याची मोटर गुंडाळत बसले होते. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, इथलेच, आमच्यासारखीच भाषा. त्यांनी मान वर केली. "अरे, त्यांना पुसायला काय सांगतोस? आन बाय, इकडं आन. काय हाय याच्यात?"

"आवाज."

"कोनाचा?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी म्हटलं, "घरातल्यांचा."

त्यांनी चष्मा काढला. "कवा गेले?"

"सकाळी."

"आज सकाळी?" मिस्त्री हातातलं काम टाकून उठलेच. "आन् तू हितं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "न्हाय न्हाय!" मी ओरडलेच. "भाजी विकायला गेलेत!"

दुकानात एवढा हशा पिकला की मला वाटलं, पंख्यांबरोबर मीही वर उडून जाईन. पण त्या हशाने काहीतरी सैल झालं. मी मिस्त्रींना सगळं सांगितलं, ऑपरेशनचं, अंगणातलं, कोंबड्याचंसुद्धा. परक्या माणसाशी एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते. ते ऐकत होते आणि सुईने त्या भोकातून तांदूळ काढून कागदावर ठेवत होते. आतली पिन गंजून हिरवी झाली होती.

"ग्यारंटी गेली, बाय. हा बदलून मिलनार न्हाय आता," ते म्हणाले. "पिन मी नवी घालतो. पन सेल सोडवला की आतला आवाज जायचा. आधी तो दुसरीकडं ठेवू."

त्यांनी काउंटरवरचा, गिऱ्हाइकांना दाखवायचा भोंगा मागवला आणि माझा भोंगा त्याच्यासमोर ठेवला, तोंडाला तोंड. माझ्या भोंग्याला करंटसाठी बाहेरून दोन वायरी लावल्या. मग वर बघून म्हणाले, "पंखे बंद कर."

"चाचा, धंदे का टाइम है!"

"बंद कर. दोन मिन्टं."

पंखे बंद झाले. एकदम नाही. पाती दिसायला लागली, मग मोजता येतील इतकी हळू झाली, मग थांबली. कॅलेंडरं भिंतीला टेकली. चिठ्ठ्या लोंबल्या. भांडणारी माणसंही गप्प झाली. सगळं दुकान मला अकलोलीच्या सकाळसारखं वाटलं, वाफेत उभं राहिल्यासारखं, आता कुठून तरी कुणाचा तरी आवाज येणार. आणि तो आला.

"एऽऽ गावठी भेंडीऽऽ..."

मोकळा, भरलेला, झोप उडालेला. दुकानाच्या काचा थरारल्या. ताई, भाभी, आपा, सगळ्यांना हाका मारून झाल्या. शेवटी कोंबडा आरवला तेव्हा शेगडीवाल्या बाईने कपाळाला हात लावला.

मग मिस्त्रींनी माझा भोंगा उघडला, पिन बदलली, झाकण लावलं. कुंकवाच्या बाजूने स्क्रू होता, तो त्यांनी असा सोडवला की कुंकवाला धक्का लागला नाही. आता आवाज उलटा परत भरायचा होता. पुन्हा पंखे बंद, पुन्हा सगळे गप्प. दाखवायच्या भोंग्यातून यांची हाक निघाली आणि माझ्या भोंग्यात शिरली. कोंबडा आरवून झाला. आता संपलं असं मला वाटलं, आणि राहवलं नाही म्हणून मी वाकून विचारलं, "आलं का?"

मिस्त्रींचा अंगठा अजून भरायच्या बटणावरच होता.

त्यांनी भोंगा लावून दाखवला. भेंडी, काकडी, शेंगा, कोंबडा, आणि त्याच्या मागून एक बारीक, घाबरलेली बाई, "आलं का?" तो माझा आवाज आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. मिस्त्री म्हणाले, "परत भरू?" हो म्हणायचं होतं. पण काउंटरवाल्या भाऊने तोपर्यंत सगळे पंखे चालू केले होते, ड्रिलवाला "अपना भी देखो" म्हणत पुढे आला होता, आणि तिसऱ्यांदा पंखे बंद करा म्हणायला माझं तोंड उघडेना.

निघताना भाऊ त्या दुसऱ्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इसमें रहने देता हूँ, भाभी. आवाज में दम है." मिस्त्री म्हणाले, "पुढल्या दसऱ्याला कुंकू वर लाव, बाय. तोंडाला."

परतीच्या रिक्षात मी फडक्याची गाठ घट्ट धरून बसले. आवाज मिळाला होता, पण मी त्याच्यात शिरले होते. उद्या गल्लीगल्लीतून, लूमच्या खालून, चौथ्या मजल्यापर्यंत मी विचारत जाणार, आलं का, आलं का. रस्ताभर लाजेने मान वर झाली नाही.

संध्याकाळी यांनी भोंगा हातात घेतला, मागचं कुंकू तसंच आहे हे बघितलं, आणि बटण दाबलं. आपलीच हाक ऐकताना हे भिंतीकडे बघत होते. मग कोंबडा झाला, मग मी. हे माझ्याकडे वळले. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई आतून आल्या. "बाय गो! ही कोन बोलली? इतकी वर्सं घरात हाय, मला कधी ऐकू आली न्हाय, आन् भोंग्यात बोलली!"

मी म्हटलं, "अवो, उद्या परत भरून आणते. तो दुसरा भोंगा हाय दुकानात."

यांनी मान हलवली. कपाटातून काळी चिकटपट्टी काढली आणि भरायच्या बटणावर आडवी उभी लावून टाकली, पुन्हा कुणाचं बोट लागू नये म्हणून. मग कानाशी येऊन हवेतल्या हवेत म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

आता वर्ष होऊन गेलं. ग्यारंटीची मुदत संपली, म्हणजे तसाही तिचा उपयोग नव्हता. या दसऱ्याला यांनी कुंकू निळ्या तोंडावर लावलं. मागचं जुनंही आहे, फिकं झालंय. शहरात एका गल्लीत खिडकीतून एक आपा रोज उत्तर देते, "आया, आया, रुको!" हे मला संध्याकाळी कानाशी येऊन सांगतात. बाजारात गेले तर मी त्या दुकानासमोरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाते. एकदा आतून भेंडी ऐकू आली होती, पंखे घ्यायला आलेली माणसं इकडे तिकडे बघत होती.

दुपारी ओटीवर पडते. पेंढ्याचा वास, शटरचा आवाज, मग लांबून यांची हाक. पहिल्यापेक्षा जरा बारीक झाली आहे, दोनदा इकडून तिकडे गेली म्हणून असेल. वळण संपतं, भेंडी येते, काकडी येते, ताई, भाभी, आपा येतात, कोंबडा आरवतो. आणि मग अगदी दारापाशी मी मलाच ऐकते.

"आलं का?"

आतून सासूबाई रोज त्या भोंग्याला ओरडून सांगतात, "आला गो, आला! ऊठ आता, पानी दे त्याला."

मी उठते.